एकाच गाडीत दोन किमतींच्या व्हील बेअरिंग: दीड वर्षानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या वॅगनआरच्या पुढच्या दोन चाकांत दोन वेगवेगळ्या किमतींच्या बेअरिंग (चाक ज्यांच्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्या) बसल्या. डावीकडे साडेचारशे रुपयांची लोकल, उजवीकडे बाराशेच्या आसपासची, एसकेएफ या स्वीडिश कंपनीची. ठरवून केलेला प्रयोग नव्हता. डावी गेली तेव्हा जी मिळाली ती टाकली, आणि थोड्या आठवड्यांनी उजवी घरघरायला लागली तेव्हा चांगली टाकून बघू म्हटलं. ड्रायव्हर एकच, रस्ते तेच, बसवणाराही एकच. त्यामुळे फरक बराचसा स्वच्छ दिसला.

दोन्ही मूळ बेअरिंग बहुधा पाण्यानं गेल्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली, तेव्हा गाडी खालीच उभी होती. पाणी दारापर्यंत होतं. नंतर इंजिन, कार्पेट, वायरिंग सगळं बघून घेतलं, चाकाच्या बेअरिंगकडे कोण बघतो? बेअरिंगच्या दोन्ही तोंडांना रबरी सील असतं, पण ते शिंतोडे अडवायला असतं, तासन्‌तास पाण्यात बुडून राहायला नाही. तसं झालं की सीलच्या कडेनं पाणी आत शिरतं. मग ग्रीस दुधट होतं, रेसवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) गंजाचे ठिपके पडतात, आणि आवाज यायला मात्र दोन-तीन महिने जातात. त्या वर्षी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या मालकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आवाज ओळखणं आपल्या शहरात जरा अवघडच. अर्धे रस्ते सिमेंटचे, त्यावर टायर तसेही गुणगुणतात. समृद्धीवर चढलात तर विचारूच नका. उन्हाळ्यात काचा बंद आणि एसी फुल्ल, ४५ अंशांत काच खाली करून कान कोण लावणार? माझ्या लक्षात आलं ते थंडीत. सिमेंटवरून डांबरावर उतरलं तरी आवाज तसाच राहिला, दूरवर पिठाची गिरणी चालल्यासारखा, आणि वेगाबरोबर चढत गेला. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. रिंग रोडच्या मोकळ्या वळणावर उजवीकडे वळताना तो वाढायचा. उजव्या वळणात गाडीचं वजन डाव्या चाकावर जातं, म्हणजे दोषी डावी. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन मिस्त्रीनं एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्यानं चाक फिरवलं. स्प्रिंगला हात लावताच ती खरखर मलाही जाणवली. चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजून नव्हता. बरेच जण चाक हलेपर्यंत थांबतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, स्वस्तवाली टाकू का कंपनीची? दोन्हीचा आवाज आज सारखाच येईन, सहा महिन्यानं वेगळा येईन." आणि झालंही अगदी तसंच.

पहिले काही महिने दोन्ही बाजूंत मला काडीचाही फरक कळला नाही. स्वस्त बेअरिंगबद्दल 'मस्त चालते' असं लिहिणारे बहुतेक याच काळात लिहितात. उन्हाळा गेला, अमरावती-वर्ध्याच्या फेऱ्या झाल्या, वाडीच्या ट्रकांच्या गर्दीतून रोजचं येणं-जाणं झालं. पावसाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच डावीकडे परत गुणगुण सुरू झाली. साधारण सात-आठ महिने, दहा हजार किलोमीटरच्या आसपास. उजवी शांत.

इथं एक गोष्ट स्वस्त बेअरिंगच्या बाजूनं सांगायला हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो. कडेचे खड्डे, साचलेलं पाणी, सिमेंट रोडची तुटकी धार, हे सगळं डाव्या चाकाच्या वाट्याला जास्त येतं. बॉल बेअरिंगचं गणित असं, की भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं नाही, आठवा हिस्सा होतं. त्यामुळे ही कुस्ती अगदी बरोबरीची नव्हती. तरीही काढलेली बेअरिंग उघडल्यावर माझी शंका फिटली. सीलची कड मऊ पडून उलटली होती, ग्रीस थोडंसंच, तेही काळं-तांबूस, आणि आतल्या रेसवर खवले सुटलेले. मला वाटतं पैसा नेमका तिथंच वाचवलेला असतो. सील, ग्रीस आणि पोलाद यांतलं काहीच डबा उघडून दिसत नाही. वरून दोन्ही बेअरिंग सारख्याच चकचकीत.

खरा फटका वेगळाच बसला. बेअरिंगची आतली रिंग हबवर (चाक ज्याला बोल्टनं जोडतात त्या भागावर) घट्ट बसायला हवी. माझी सरकत होती, त्यामुळे हबवर रेषा पडल्या होत्या. मिस्त्रीनं बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाला, यावर नवीन कोणतीही टाकली तरी टिकणार नाही. म्हणजे हबही नवीन.

आता हिशेब. बेअरिंग साडेचारशेची असो की बाराशेची, नकल (बेअरिंग ज्यात बसते तो चाकामागचा लोखंडी भाग) काढणं, जुनी प्रेसवर दाबून काढणं, नवी बसवणं याची मजुरी सातशेच. नकलचे शॉकअपकडचे बोल्ट सुटतात, म्हणून अलाइनमेंटचे तीनशे वेगळे. एकदा बसवायचा खर्च स्वस्तात साडेचौदाशे, महागात बावीसशे. डबे समोर ठेवले तर भाव जवळजवळ तिप्पट वाटतो, पण हातात पडणाऱ्या बिलात फरक साडेसातशेचा. स्वस्तवाली वर्षाच्या आत परत उघडली की तो फरक तिथंच संपला. वर हबचे पैसे.

दुसऱ्यांदा डावीकडे मी परत एसकेएफ न घेता एनबीसी टाकली. ही जयपूरची कंपनी, १९४६ पासूनची, गाड्यांच्या कारखान्यांनाही माल पुरवणारी. एसकेएफपेक्षा दोनेकशे रुपयांनी स्वस्त पडली. ती अजून शांत आहे, पण तिचं वय कमी, त्यामुळे निकाल आताच देत नाही. माझा कल मात्र असा, की निवड स्वीडिश-जर्मन नाव विरुद्ध देशी नाव अशी नाहीच. एका बाजूला गाडीच्या कारखान्यात लागणारा माल आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या डब्यावर धड पत्ता नाही तो माल. शोरूमच्या डब्यातली बेअरिंगसुद्धा अशाच एखाद्या बेअरिंग कंपनीनं बनवलेली असते, डबा तेवढा गाडीच्या कंपनीचा.

महाग घ्यायची ठरवलीत तर नकली मालाचं बघा. एसकेएफचं 'ऑथेंटिकेट' आणि जर्मन शेफलरचं (एफएजी हा ब्रँड त्यांचाच) 'ओरिजिनचेक' ही माल खरा की नकली ते तपासायची मोबाइल ॲप आहेत. पक्कं बिल मागा. पक्कं बिल द्यायला दुकानदार कुरकुरला तर दुकान बदला. बाराशेची चीज कोणी सहाशेत देऊन राहिला असेल, तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आणि बसवणं. यावर मी सगळ्यात जास्त भांडेन. चांगली बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवलीत तर ती बसवतानाच मेली. नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवरच यायला हवा. आतल्या रिंगवर दाबलं की तो जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात, मग पहिल्या दिवसापासून घरघर. माझ्या मिस्त्रीकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, त्याच्या शेजारच्याकडे घण आहे. मजुरीत शंभर-दीडशेचा फरक, आणि लोक शेजारच्याकडेच जातात. ॲक्सलचा मोठा नट नवीन टाकायला सांगा आणि तो टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं नट कसायच्या पान्यानं), तुमच्या गाडीच्या आकड्यावर कसायला सांगा, कारण बेअरिंगच्या आतली जागा त्या नटानंच ठरते. नट कसेपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकू देऊ नका.

एबीएसवाल्यांसाठी (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणखी एक. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि अनेक मॉडेलांत सेन्सरसाठीची चुंबकीय चकती बेअरिंगच्या सीलमध्येच असते. ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. माझ्या गाडीला एबीएस नाही, सुटलो.

दुचाकीवाल्यांनी एवढं डोकं खाऊ नये. ६३०१ नंबरसारखी साधी बेअरिंग नामांकित कंपनीची घेतली तरी शंभर-दोनशेच्या घरात येते, मजुरीही किरकोळ. तिथं लोकल घ्यायला कारणच नाही.

उजवीकडची एसकेएफ आता वीस हजारांच्या वर गेली आहे, दोन पावसाळे बघून झाले. गेल्या महिन्यात टायरची अदलाबदल करताना चाक फिरवून पाहिलं, स्प्रिंगला काहीच जाणवलं नाही. एक बाजू गेली म्हणून दुसरीही बदला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शॉकअप जोडीनं बदलतात, बेअरिंग नाही. जी वाजते तीच बदलायची. गाडी पुरात बुडाली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा दुसरीकडेही आवाज निघेलच, पण तो निघेपर्यंत तिला चालू द्या.