हॉटेलच्या भिंतीवरचा माझा दुतोंड्या मारुती

गेल्या डिसेंबरात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका हॉटेलात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. साडी बदलायला वरच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या चित्रासमोर थबकले. नाशिकच्या गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती, पायाशी गाळ, मागे भुरकं आभाळ. आभाळाच्या डाव्या कोपऱ्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पसरलेला एक डाग.

तो डाग माझाच होता. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर मी गोदाघाटावर हे जलरंगचित्र केलं. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना शेजारी धुणं धुणाऱ्या मावशींनी साडी झटकली आणि शिंतोडे कागदावर आले. पुसायला गेले असते तर बिघडलं असतं, म्हणून तसंच राहू दिलं. असा डाग ठरवून दुसऱ्यांदा पाडता येत नाही. मूळ चित्र तर माझ्या घरी, इंदिरानगरला, कपाटात आहे. इथे होती कॅनव्हासवरची छपाई, खालची सही कापून फ्रेम केलेली. बाहेर कॉरिडॉरमध्ये माझीच आणखी दोन चित्रं, सरकारवाडा आणि सुंदर नारायणाचं देऊळ.

हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये हॉटेलं, धर्मशाळा रंगवून निघताहेत आणि असा माणूस तुमच्याही दारात येईल.

दीड वर्षापूर्वी एक इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर घरी आला. अतिशय अदबीनं बोलणारा. "ताई, हॉटेलसाठी नाशिकचीच चित्रं हवीत, बाहेरची नकोत." त्यानं बारा चित्रं निवडली. प्रत्येकी ९,००० रुपये, एकूण १,०८,०००. १०,००० लगेच गूगल पेनं आले. मी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे क्लास घेते, उन्हाळ्यात शिबिरं घेते, महिन्याला एखादं चित्र विकलं तर विकलं. एकरकमी लाखभर रुपये म्हणजे माझ्या घरात काय, ते चित्रकारांना सांगायला नको.

आठवड्यानं तो म्हणाला, क्लायंटला भिंतीवर कसं दिसेल ते दाखवायचंय, मोबाइलवरचे फोटो मोठे केले की फाटतात, मोठे स्कॅन पाठवा. मी पदरचे पैसे घालून बाराही चित्रं ६०० डीपीआयवर, म्हणजे मोठ्या छपाईला पुरतील इतकी बारकाईनं, स्कॅन करून घेतली आणि ड्राइव्हची लिंक धाडली. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "वापरा, काही हरकत नाही." महिन्याभरानं निरोप आला की क्लायंटचं बजेट रद्द झालं. आणि पुढे, "अ‍ॅडव्हान्स परत नको ताई, तुमचा वेळ गेला." मला तो देवमाणूस वाटला. ते १०,००० त्यानं का सोडले, हे मला त्या खोलीत उभी असताना कळलं. बारा चित्रं छापायला त्याला तेवढ्यातच मिळाली होती.

हॉटेलनं हात वर केले. आम्ही बिलावर माल घेतला, म्हणाले. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही.

वकिलांनी जे समजावलं ते मला कला महाविद्यालयात कुणी शिकवलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपणहून काढलेलं चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. पण कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन चित्र काढलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या हक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. ऑर्डरची कामं करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्या, मी कित्येक ऑर्डरी नुसत्या तोंडी केल्या. माझी ही बारा चित्रं आधीचीच होती, म्हणून बाजू भक्कम आहे. अडचण आहे ती त्या एका मेसेजची. परवानगी होती, असं म्हणायला समोरचा तोच दाखवणार. नोटीस गेली आहे, उत्तर नाही. दावा जिल्हा न्यायालयात लावायचा आहे.

पैशांपेक्षाही मला जास्त लागलंय ते वेगळंच. प्रिंटचं उत्पन्न मी म्हातारपणासाठी धरून चालले होते. हात थरथरायला लागले, डोळे गेले, तरी तो दुतोंड्या मारुती मला दोन पैसे देत राहिला असता. कायद्यानं हा हक्क हयातभर आणि नंतर साठ वर्षं असतो, म्हणजे मुलीलाही मिळाला असता. आता तीच दृश्यं हॉटेलात टांगलेली पाहिल्यावर दुसरा कोण घेणार?

आता मी मोबाइलपुरताच छोटा फोटो पाठवते, आणि नाव कोपऱ्यात नाही, चित्राच्या मधोमध आडवं टाकते. भिंतीवर बघायचं असेल तर मूळ चित्र घेऊन मी स्वतः जाते. निम्मे पैसे आल्याशिवाय काम धरत नाही. बिलावर एक ओळ असतेच: "चित्र विकले आहे, प्रती काढण्याचे हक्क चित्रकाराकडे राखीव." प्रिंट हवे असतील तर किती, कोणत्या मापाचे, किती वर्षांसाठी, हे लिहून वेगळा दर. दोन गिऱ्हाइकं यावर नाराज होऊन गेली. जाऊ दिली.

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पंचवटीत राहतो, काळाराम मंदिराची सुरेख स्केचेस करतो. "मॅडम, कुंभासाठी एका हॉटेलची ऑर्डर आलीय, फक्त मोठ्या फाइली मागतायत." मी त्याला त्याच संध्याकाळी घरी बोलावलं आणि स्कॅनचा पेनड्राइव्ह सोबत आणायला सांगितला.