डीसी क्लॅम्प मीटर: बॅटरी करंट सेन्सर तपासायला किती कामाचा? काही महिन्यांच्या वापरानंतर

स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) चालत नाही, बॅटरी वरचेवर उतरते, आयडलवर चार्जिंग १२.८ व्होल्ट दिसतं. एवढ्यावरून अल्टरनेटर बदलायला सांगणारी गॅरेजं पुष्कळ आहेत. पण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, ठरवतो, तेही बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच्या, आत-बाहेर जाणारा करंट मोजणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर. बॅटरी भरलेली असेल तर १२.८ हे दुखणं नसूही शकतं. सेन्सरचं रीडिंग खरं की खोटं हे ठरवायला त्याच वायरवरचा दुसरा, स्वतंत्र आकडा लागतो. त्यासाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारं मीटर, ४० आणि ४०० अँपिअर अशा दोन रेंजचा घेतला, आणि या कामासाठी त्याला पर्याय नाही असं ठाम मत झालं आहे.

घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: डीसी अँपिअर. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात, ते गाडीत निरुपयोगी.

तपासणी अशी. इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) बॅटरी करंटचा लाइव्ह डेटा उघडा. हेडलाइट लावा, हॅलोजनचे ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास घेतात, बाकी ईसीयू आणि टेललाइटचं वेगळं. मग ब्लोअर, मग मागच्या काचेचा डिफॉगर. प्रत्येक टप्प्यावर स्कॅनर आणि क्लॅम्पचे आकडे शेजारी लिहा. अर्ध्या-एक अँपिअरचा फरक सोडून द्या. क्लॅम्प २० दाखवतोय आणि स्कॅनर ३ वरच अडकलाय, किंवा लोड बदलूनही आकडा हलत नाही, तर संशय पक्का.

तरी लगेच सेन्सर मागवू नका. आधी कनेक्टर उघडा. हिरवा गंज आणि इंजिन धुताना शिरलेलं पाणी हीच कारणं जास्त सापडतात. हॉल प्रकारच्या (चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखणाऱ्या), तीन वायरच्या सेन्सरला सहसा ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल असतो. सप्लाय-ग्राउंड नीट असून लोडनुसार सिग्नल हलत नसेल, तरच सेन्सर गेला. शंट प्रकारच्या (अगदी कमी रोधाच्या पट्टीवरून करंट मोजणाऱ्या) सेन्सरला बॅटरीचा १२ व्होल्ट आणि लिन, म्हणजे ईसीयूला डेटा पाठवणारी, वायर असते. त्याचा फ्यूज उडालेला असला तरी स्कॅनरला तो मेलेलाच वाटतो. कनेक्टर काढून इंजिन चालू केलं की बहुतेक ईसीयू १४ च्या आसपास स्थिर चार्जिंगवर येतात. तसं झालं तर अल्टरनेटर निर्दोष.

आपल्याकडे एक घोळ फार दिसतो. ॲम्प्लिफायर, जादा फॉग लॅम्प किंवा इन्व्हर्टरची अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर घेतलेली असते. तो करंट सेन्सरमधून जातच नाही, म्हणून बॅटरी उतरत असूनही ईसीयूला ती भरलेली वाटते. क्लॅम्प आधी फक्त सेन्सरच्या केबलला लावा, मग खुंटीवरच्या सगळ्या वायरींना मिळून. फरक आला की अर्थिंग बॉडीवर हलवा. नवा सेन्सर टाकून हे बरं होत नाही.

आता मीटरचे दोष. शून्य सरकतं. मोठा करंट मोजल्यावर जबड्यात चुंबकत्व राहतं, उन्हातही आकडा हलतो. त्यामुळे प्रत्येक वेळी वायरीपासून लांब, जबडा पूर्ण मिटून झिरो बटण दाबावं लागतं. खात्रीसाठी क्लॅम्प उलटा करून पुन्हा मोजा: एकदा उणे १०.४, उलट्या बाजूने अधिक ९.८, तर खरा करंट १०.१. जबडा जाड आहे. शंट सेन्सर थेट टर्मिनलच्या पकडीतच असलेल्या गाड्यांत तो खुंटीजवळ शिरत नाही, केबल बॉडीला जोडते तिथे लावावा लागतो. जागा करण्यासाठी तो सेन्सर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, आतला शंट तडकतो.

सेल्फ मारतानाचा करंट ४०० च्या रेंजवर बघताना इनरश मोड (सुरुवातीचा क्षणिक झटका पकडणारा) हवाच. त्याशिवाय शिखराचा आकडा हुकतो. गाडी लॉक केल्यावरची २०-५० मिलीअँपिअरची गळती मात्र या मीटरवर भरवशाने कळत नाही, कारण शून्याचं सरकणंच कधी कधी त्याहून मोठं असतं. त्या कामाला वेगळा मिलीअँपिअर क्लॅम्प घ्या.