विचारल्याशिवाय सर्दीची गोळी न देणारे राजारामपुरीतील मेडिकल

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून आत वळले की लागणाऱ्या एका लहानशा मेडिकलमधून आमच्या घरची औषधे गेले वर्षभर येत आहेत. दुकान जेमतेम दहा फुटांचे आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पायरीवर उभे राहणेही अवघड होते. तरीही मी मंगळवार पेठेतून मुद्दाम तिथे जातो, कारण सर्दीची साधी गोळी मागितली तरी काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताई आधी तीन गोष्टी विचारून घेतात: औषध कोणासाठी आहे, त्यांचे वय किती, आणि सध्या त्यांना दुसरे कोणते औषध चालू आहे.

हे तीन प्रश्न मला मागच्या वर्षीच्या श्रावणात कोणी विचारले असते, तर आण्णांचे हाल टळले असते. माझे वडील 74 वर्षांचे. रक्तदाबाची गोळी नेहमीची आणि प्रोस्टेट वाढलेली. पावसात भिजल्यानंतर त्यांना ताप आला, अंग मोडून आले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा लिहून दिली. रात्री नाक चोंदून त्यांना झोप लागेना, म्हणून मी दुसऱ्या एका दुकानात जाऊन "सर्दीवरची चांगली गोळी द्या" असे सांगितले आणि त्या दुकानदाराने काहीही न विचारता सहा गोळ्या कापून हातात ठेवल्या. घरात खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती, तीही आम्ही चालू केली. तिसऱ्या दिवशी आण्णा सारखे पेंगू लागले, तोंडाला कोरड पडली, आणि सकाळपासून लघवी झालेली नाही हे त्यांनी दुपारी सांगितले. नळी घालून लघवी काढावी लागली, आणि रक्तदाबही नेहमीपेक्षा बराच वर होता.

डॉक्टरांनी सगळी औषधे टेबलावर मांडायला लावली. माझ्या त्या सहा गोळ्यांच्या तुकड्यावर नावाची शेवटची दोन-तीन अक्षरे तेवढी उरली होती, त्यामुळे अख्खी पट्टी पाहण्यासाठी मला परत त्याच दुकानात जावे लागले. पट्टीमागच्या बारीक अक्षरांखाली डॉक्टरांनी बॉलपेनने एकेक रेघ ओढली: पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, चोंदलेल्या नाकासाठी फेनिलेफ्रिन 10, शिंका आणि वाहत्या नाकासाठी क्लोरफेनिरामाइन 2. मग बाजूला बेरीज मांडली. तापाच्या चार गोळ्यांचे 2600 आणि सर्दीच्या तीन गोळ्यांचे 1500, म्हणजे दिवसाला 4100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. धडधाकट प्रौढ माणसालाही चोवीस तासांत 4000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. वयस्कर, वजनाने कमी, नियमित दारू घेणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसासाठी ही मर्यादा आणखी खाली असते. क्लोरफेनिरामाइन तर गोळीतही होते आणि खोकल्याच्या औषधातही. त्याने झापड येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते, तर फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढवू शकते. नावे तीन वेगवेगळी, पण पोटात जाणारे द्रव्य तेच दोनदा, ही गोष्ट मला तोवर माहीतच नव्हती.

ज्या दुकानाबद्दल लिहितो आहे, तिथे मी पहिल्यांदा गेलो तो हा सगळा प्रकार झाल्यावर आठवडाभराने. ताईंनी आण्णांची चालू औषधे विचारली आणि सर्दीची मिश्र गोळी दिलीच नाही. "दादा, ताप उतरलाय ना? मग नाकासाठी एवढं कशाला? मिठाच्या पाण्याचे थेंब घेऊन जा," एवढेच त्या म्हणाल्या. बिल पंचवीस-तीस रुपयांनी कमी झाले याचे त्यांना काही वाटले नाही, आणि माझा विश्वास बसला तो तिथे.

पट्टी कापण्याची त्यांची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नाव, घटक आणि मुदतीची तारीख असलेला भाग शक्यतो गिऱ्हाइकाकडे जाईल असा त्या कात्रीचा कोन धरतात. ते जमले नाही तर कागदी पाकिटावर घटकांची नावे मराठीत लिहितात आणि त्याखाली दिवसातून किती वेळा, दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर, हे लिहून देतात. गोळीने झोप येणार असेल तर "गाडी चालवू नये" ही ओळ लाल शाईने येते. बिलावर बॅच क्रमांक असतो आणि परवाना समोरच्याच भिंतीवर लावलेला आहे.

मुलांच्या औषधांबाबत त्या अधिकच कडक आहेत. गेल्या हिवाळ्यात माझ्यापुढे एक वहिनी थोरल्या मुलाची सर्दीची बाटली घेऊन आल्या होत्या आणि धाकट्या तीन वर्षांच्या मुलीसाठी तीच नवी मागत होत्या. ताईंनी बाटलीवरचा इशारा त्यांना बोट ठेवून वाचायला लावला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला आणि तसा मजकूर वेष्टणावर छापण्यास कंपन्यांना सांगितले. त्या वहिनींना शेवटी फक्त तापाचे औषध मिळाले, तेही मुलीचे वजन विचारून. पॅरासिटामॉलचे पातळ औषध 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेही मिळते आणि 250 मिलिग्रॅम असेही, शिवाय तान्ह्या बाळांचे थेंब त्याहून कितीतरी तीव्र असतात. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले तर मात्रा दुप्पट होते. म्हणून ताई मापाच्या टोपणावर पेनाने खूण करून देतात आणि घरातला चमचा वापरू नका असे बजावतात.

मिश्र गोळ्या त्या विकतच नाहीत असे नाही. तरण्या, दुसरा आजार नसलेल्या माणसाला ताप, शिंका आणि वाहते नाक असे सगळे एकदम असेल, तर त्या देतात, मात्र अंगदुखीची किंवा तापाची वेगळी गोळी सोबत न घेण्याच्या अटीवर. माझे मत याहून थोडे पुढचे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सप्टेंबर 2023 मध्ये तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही असा निष्कर्ष काढला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या प्रशासनाने ते अशा औषधांतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडच्या गोळ्यांत ते अजून आहे. ज्या घटकाचा उपयोगच शंकास्पद आहे, तो रक्तदाबाच्या माणसाने केवळ पट्टीत आला म्हणून का गिळावा? ताप असेल तर तापाची गोळी, शिंका असतील तर शिंकांची, हेच मला सरळ वाटते.

अँटिबायोटिक मागणाऱ्यांना ताई चिठ्ठीशिवाय परत पाठवतात, आणि त्यावरून वाद घालणारी गिऱ्हाइकेही मी पाहिली आहेत.

उणिवा आहेत. ताई दुपारी जेवायला गेल्या की काउंटरवरचा मुलगा इतकी चौकशी करत नाही; एकदा त्याने मला दोन प्रश्न विचारून तिसरा सोडला होता, तो मीच आठवण करून सांगितला. क्लोरफेनिरामाइनची सुटी गोळी दोन वेळा शिल्लक नव्हती. गर्दीच्या वेळी प्रत्येक माणसामागे चार-पाच मिनिटे जातात आणि मागचे लोक कुरकुर करतात. घाईत असलेल्याने सकाळी दहाच्या सुमारास जावे.

जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, रक्तदाब-मधुमेहाच्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. ताई त्या एकेक उलटून पाहतात. पॅरासिटामॉल ठरल्यापेक्षा जास्त पोटात गेल्याचे घरी लक्षात आले, तर मात्र मेडिकलमध्ये विचारत बसू नये, थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. पहिला दिवसभर माणूस ठीक दिसू शकतो, आणि त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. हे ताईंनीच मला सांगितले, आणि दुकानाच्या आतल्या काचेवर मराठीत लिहूनही लावले आहे. रविवारी दुकान दुपारी एकपर्यंतच उघडे असते.