आठ मीटर, एक गेटवे आणि रिकामी फिरणारी मशीनं: जिनिंगच्या वीज-देखरेख संचाचा आढावा

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या कापूसपट्ट्यातल्या जिनिंगवाल्याच्या (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदाराच्या) टेबलावर ‘ग्रीन आयटी’ नावाचं कोटेशन येऊन पडतं. आठ मल्टिफंक्शन मीटर, चोवीस सीटी (केबलमधला करंट मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर), मीटरचे आकडे इंटरनेटवर पाठवणारा सिम टाकलेला गेटवे, ऑफिसात बिनपंख्याचा मिनी पीसी, मोबाइलवर डॅशबोर्ड आणि महिन्याला एक ‘कार्बन रिपोर्ट’. डब्यावरचं नाव बदललं तरी आतला माल बहुतेक हाच असतो. म्हणून हा आढावा कोण्या एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या संचाचा आहे.

आधीच सांगून टाकतो: मीटर चांगले, गेटवे ठीक, जोडणी बेभरवशाची आणि कार्बन रिपोर्ट बऱ्यापैकी दिखाऊ.

कोटेशनमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो मिनी पीसी. जुना डबा-कॉम्प्युटर ८० वॅट खातो, हा १२ वॅट, म्हणजे ६८ वॅटची बचत. चोवीस तास, वर्षभर चालवला तर ५९६ युनिट वाचतात. एका युनिटमागे ग्रिडचा कार्बन डायऑक्साइड साधारण ०.७ किलो धरला की वर्षाला चारशे किलोच्या वर जातो. आकडा खरा आहे. पण दिवाणजी संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून घरी जात असेल तर यातली अर्ध्याहून जास्त बचत कागदावरच राहते. मिनी पीसी घ्यावा तो वेगळ्या कारणासाठी: त्याला पंखा नसतो. जिनिंगच्या ऑफिसात उडती रुई येतेच, आणि पंख्याचा कॉम्प्युटर एका हंगामात आतून गादीसारखा भरतो. मग तो तापतो, अडकत चालतो, आणि दोन वर्षांत भंगारात जातो.

खरी वीज पत्र्याच्या शेडमध्ये जाते. समजा २४ डबल रोलर मशीनं आहेत, प्रत्येकाला ५ एचपीची मोटर. कापूस चालू असताना एक मशीन ३ किलोवॅट घेतं आणि रिकामं फिरताना २, असं धरू. आकडा मशीनच्या वयावर आणि रोलरच्या दाबावर कमीजास्त होईल, पण रिकामं मशीन फुकट फिरत नाही हे पक्कं, कारण कापूस नसला तरी लेदर रोलर सुरीवर घासतच असतो. जिनिंग लाइनच्या मीटरचा आलेख उघडला की हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. दुपारी एकच्या सुमारास रेषा ७२ किलोवॅटवरून खाली येते, पण शून्यावर नाही, ४८ वर येऊन थांबते आणि जेवणाची पाऊण तास सुट्टी संपेपर्यंत तशीच आडवी पडून राहते. ३६ युनिट गेले. दोन पाळ्यांचे ७२. चार महिन्यांच्या हंगामात ८,६४० युनिट. त्या मिनी पीसीची चौदा वर्षांची बचत इथं एका हंगामात उडते, आणि वर रोलर तापून झिजतो तो वेगळा. आगीची भीती तर आहेच.

मशीनं बंद का होत नाहीत, याचं उत्तर डॅशबोर्डवर नसतं, फिटरकडे असतं. २४ स्टार्टर एकेक करून दाबायला वेळ लागतो, मशीनमध्ये अर्धवट कापूस राहिला तर सुरू करताना ते अडकतं, आणि ‘सगळी एकदम चालू केली तर डिमांड (बिलात धरला जाणारा कमाल भार) वाढेल’ अशी धास्ती असते. शेवटची धास्ती फारशी खरी नाही. डिमांड ठरावीक मिनिटांच्या सरासरीवर मोजतात, सुरुवातीचा काही सेकंदांचा झटका त्यात विरून जातो. तरी केबलवर ताण नको म्हणून मशीनं आठ-आठच्या तीन गटांत लावा. जेवणाच्या दहा मिनिटं आधी कापसाचा पुरवठा थांबवा म्हणजे मशीनं रिकामी होतील, मग गट बंद करा. परत चालू करताना टायमरने दर मशीनमागे पाच सेकंदांचं अंतर ठेवा. टायमर आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) कोटेशनमध्ये नसतात. त्यांची मागणी करा, कारण बचत त्यांच्यात आहे, मीटर फक्त दाखवतो.

ओढणीच्या (पाइपातून कापूस ओढणाऱ्या) पंख्याचंही तसंच. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) लावला तर पंख्याची वीज वेगाच्या घनाने घटते: ५० हर्ट्झवरून ४५ वर आणलं की वेग दहा टक्के कमी आणि वीज सुमारे २७ टक्के कमी. विक्रेता यापुढे जाऊन ४० हर्ट्झवर ‘निम्मी वीज’ सांगतो. हिशोब बरोबर आहे, पण पाइपातला कापूस हिशोब वाचत नाही. हवेचा वेग घटला की तो आधी पाइपाच्या कोपरांत (वळणांत) साचतो, मग पाइप तुंबतो. एकेक हर्ट्झ उतरवत जा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास कोपर ठोकून पाहा. आवाज जड झाला की दोन हर्ट्झ वर घ्या. हंगामाच्या सुरुवातीचा ओलसर कापूस आणि फेब्रुवारीचा कोरडा कापूस यांना एकच आकडा चालत नाही.

तिसरी जागा कोणी पाहत नाही: बंद हंगाम. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर (कामाची वीज आणि नुसती ये-जा करणारी रिअॅक्टिव्ह वीज यांच्या एकत्रित मोजमापावर) येतं आणि त्यात कपॅसिटरकडून उलटी जाणारी, म्हणजे आघाडीची रिअॅक्टिव्ह वीजही धरली जाते. पावसाळ्यात जिन बंद असतो. दिवे, बोअर आणि चौकीदाराची खोली मिळून ३ किलोवॅट. पण ट्रान्सफॉर्मरसाठी लावलेला २५ केव्हीएआरचा (हे रिअॅक्टिव्ह विजेचं माप) कपॅसिटर चालूच राहिलेला असतो. ट्रान्सफॉर्मरला स्वतःला १० लागतात असं धरलं तर १५ केव्हीएआर उलटे जातात, आणि ३ किलोवॅटचा भार दोन्ही मिळून १५.३ केव्हीए होऊन बसतो. दिवसाला ७२ युनिटच्या जागी ३६७ केव्हीएएच. कपॅसिटर नुसता काढून टाकला तरी भागत नाही, मग दुसऱ्या बाजूने १०.४ केव्हीए होतो. २५ काढून १० चा लावला की आकडा ३ च्या आसपास येतो. हे पकडायला मुख्य इनकमरवर (बाहेरची वीज जिथून आत येते त्या स्विचवर) मीटर पाहिजे, आणि हंगाम संपल्यावर संच बंद करायचा नाही. काही कंपन्या ‘हंगामी वर्गणी’ स्वस्तात देतात. ती घेऊ नका, ही चूक नेमकी संच बंद असलेल्या महिन्यांतच होते.

आता जोडणी. कटकट खरी इथं आहे.

आठ मीटर कुठं लावायचे? कंपनीचा माणूस पॅनलमध्ये जिथं जागा दिसते तिथं लावून मोकळा होतो. क्रम असा धरा: मुख्य इनकमर, जिनिंग लाइन एक आणि दोन, ओढणीचे पंखे, प्रेसचा हायड्रॉलिक पंप, प्री-क्लीनर, सरकीचे कन्व्हेयर, आणि शेवटी ऑफिस-दिवे. प्रेसच्या मीटरवर दोन गठाणींच्या मधला वेळ बघा. गठाण १७० किलोची, ती बांधेपर्यंत पंप रिकामा फिरत असेल तर ते लगेच कळतं.

सीटीमध्ये दोन प्रकार येतात. कडीसारखी उघडून केबलभोवती बसवायची स्प्लिट-कोर सीटी वीज बंद न करता लावता येते, म्हणून कंपनीला आवडते. पण तिच्या दोन तोंडांच्या फटीत रुई किंवा धूळ बसली की मोजमाप बिघडतं. इनकमरला बंद रिंगवालीच सीटी घ्या, त्यासाठी अर्ध्या दिवसाचं शटडाऊन लागलं तरी चालेल. आणि एक गोष्ट वायरमनला बजावून सांगा: भार चालू असताना सीटीची मागची वायर कधीही मोकळी सोडायची नाही. तिथं जीवघेणा व्होल्टेज उभा राहतो. मीटर काढायचा तर आधी सीटीच्या दोन्ही वायरी जोडणारी शॉर्टिंग लिंक लावायची.

सीटी चुकीची बसली हे आकड्यांवरून ओळखता येतं. तिन्ही फेजचा भार सारखा असताना एक सीटी उलटी असेल तर एकूण किलोवॅट खऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश दिसतात. दोन फेजच्या सीटींची अदलाबदल झाली तर भार सारखा असताना एकूण जवळजवळ शून्य येतो, आणि माणूस म्हणतो ‘मीटर खराब’. २००/५ च्या सीटीला मीटरमध्ये १००/५ भरलं की सगळं निम्मं दिसतं. ही चूक सगळ्यात वाईट, कारण आकडा खोटा वाटत नाही. डॅशबोर्डवर २३० व्होल्टच्या जागी शून्य किंवा अब्जावधी दिसत असेल तर मीटर ठीक आहे, गेटवेमध्ये रजिस्टरच्या (मीटर ज्या खान्यांत आकडे ठेवतो त्यांच्या) शब्दांचा क्रम उलटा भरलाय. फोनवर पाच मिनिटांत दुरुस्त होतं.

मीटर ते गेटवे वायर म्हणजे आरएस-४८५ नावाची माहिती नेणारी जोडणी. पीळ दिलेली, जाळीवाली केबल हवी. साधी लवचीक वायर टाकली तर पहिल्या आठवड्यात चालते आणि प्रेस सुरू झाली की मीटर ‘गायब’ व्हायला लागतात. वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यायची, झाडासारख्या फांद्या फोडायच्या नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, जाळीचं अर्थिंग एकाच टोकाला, प्रत्येक मीटरला वेगळा पत्ता. व्हीएफडीच्या केबलपासून फूटभर लांब, ओलांडायचंच तर काटकोनात. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये उघड्यावरून वायर जात असेल तर आयसोलेटेड पोर्ट आणि सर्ज प्रोटेक्टर मागा. मान्सूनपूर्व विजांचा कडकडाट आपल्याकडे कसा असतो ते सांगायला नको.

गेटवेमध्ये तीन गोष्टी बघा. पहिली, नेट गेलं तर माहिती साठवतो का. दर मिनिटाला आठ मीटरचे दहा-दहा आकडे म्हणजे दिवसाला १,१५,२०० नोंदी. महिनाभराच्या धरल्या तरी आजच्या मेमरीत त्या सहज मावतात. तेव्हा ‘दोन तासांचा बॅकअप’ सांगणाऱ्याला हसून नाही म्हणा. दुसरी, आत घड्याळाचा बटण-सेल आहे का. नसेल तर लाइट गेली-आली की नेट येईपर्यंतच्या नोंदी १ जानेवारी १९७० च्या खात्यावर पडतात. तिसरी, मेमरी कार्डावर चालणारा स्वस्त बोर्ड आहे का. दिवसाला चार वेळा वीज जाणाऱ्या गावात ते कार्ड लिहिता लिहिता बिघडतं. डबा आयपी ५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून बंद असलेला, जाळी-पंखा नसलेला घ्या. कोटेशनवर ‘० ते ४० अंश’ लिहिलं असेल तर परत पाठवा. पत्र्याखालच्या पॅनलमध्ये मे महिन्यात काय होतं ते अकोल्याच्या माणसाने कागदावर वाचायची गरज नाही. यूपीएसही थंड खोलीत ठेवा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे जवळजवळ निम्मं होतं.

दर सेकंदाला नोंद घेणारा ‘प्रीमियम प्लॅन’ जिनिंगला लागत नाही. साठपट माहिती, तेवढंच जास्त सिम-डेटा आणि कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहणारा ढीग. ग्रीन म्हणवणाऱ्या संचात हे तर हास्यास्पदच.

कार्बन रिपोर्ट म्हणजे युनिट गुणिले एक आकडा. तो आकडा तुम्हाला बदलता आला पाहिजे, कारण सरकारी आकडा वर्षागणिक हलतो. छतावर सोलर असेल तर इनकमरचा मीटर दोन्ही दिशा मोजणारा हवा; नाही तर ग्रिडला दिलेली वीजही खर्चात धरली जाते आणि सुट्टीच्या दिवशी तुमचा कारखाना सगळ्यात ‘घाणेरडा’ दिसतो.

करारात दोन ओळी लिहून घ्या. वर्गणी बंद केली तरी मीटरचे आकडे दुसऱ्या कोणालाही वाचता येतील, म्हणजे रजिस्टरचा तक्ता तुमच्या हातात असेल. आणि जुने कॉम्प्युटर, मीटर, बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे गेल्याची पावती मिळेल. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे वेगळे आहेत. गावच्या भंगारवाल्याची चिठ्ठी यात चालत नाही.

पैसे देताना शेवटचे वीस टक्के हातात ठेवा. क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा हातातला मीटर) घ्या, आठही जागी तिन्ही फेजचा करंट मोजा आणि त्याच मिनिटाचा डॅशबोर्डवरचा आकडा शेजारी लिहा. चोवीस ओळींचा कागद होतो. दोन-तीन टक्क्यांचा फरक सोडून द्या. मग इनकमरचे चोवीस तासांचे युनिट बिलाच्या मीटरशी ताडून पाहा. हा कागद जुळला की चेक द्या. जुळला नाही तर कंपनीच्या माणसाला शिडी लावून परत वर चढवा.