सव्वा महिन्यानंतरची मालिश: फोम रोलर वापरून पाहिला

फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन स्नायू रगडायचा फोमचा लोडासारखा गोल दांडा, घ्यावा का, असं आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याला पळणाऱ्यांच्या ग्रुपात कोणी ना कोणी विचारत असतं. दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. घाईत असाल तर एवढंच वाचा: घ्या, पण साधा घ्या. हजाराच्या आतबाहेर मिळतो तो पुरतो. आणि खोक्यावर जे छापलंय त्यातलं निम्मं दुकानातच सोडून या.

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर खुर्ची आणि काउंटर. पहाटे रंकाळ्याला पळते, सुट्टीला आम्ही बायका जोतिबाचा डोंगर चढतो. चढाला दम लागतो, पण पाय धरतात ते उताराला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडं ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं सगळं वजन सावरून धरत असतो. सवय नसलेल्या स्नायूला असं काम दिलं की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच कळत नाही. रविवारी डोंगरावरून आलं की माणूस मजेत असतो, मिसळ हाणतो. सोमवारी जरा जडपणा. मंगळवारी खरी गंमत. साधारण 24 ते 72 तासांच्या दरम्यान हे दुखणं टिपेला पोचतं. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरते आणि खाली शिपाई हसत उभा असतो. घरी देशी संडास आहे, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता मूळ मुद्दा. आमचं घर मंगळवार पेठेत, गल्लीच्या तोंडाला तालीम. लग्न होऊन आल्यापासून बघते आहे, पोरं मेहनत करून आली की एकमेकांचं अंग रगडतात. एक पालथा पडलाय, दुसरा तेलाचे हात घेऊन त्याच्या पाठीवर, तिसरा पायाशी. मग पाळी बदलते. कुणाला काही मागावं लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत, मेहनतीचाच तो भाग. कुस्तीच्या गावात बाप्याच्या अंगाची अशी काळजी पिढ्यान् पिढ्या घेतली जाते. बाईचं काय? बाळंतपणात मालिशवाली येते, सव्वा महिना तेल-हळद, शेक-शेगडी सगळं राजेशाही. सव्वा महिना संपला की तिच्या अंगाला हात लावणारं कोणी नाही, थेट पुढच्या बाळंतपणापर्यंत. पंचेचाळिशीची बाई डोंगर उतरून आली आणि तिच्या मांड्या भरून आल्या, तर ती कुणाला सांगणार, जरा रगड म्हणून? नवऱ्याला सांगून बघितलं. दोन मिनिटं चोळलं आणि डावा हात मोबाइलकडं गेला.

म्हणून रोलर. त्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण हा की तो कोपऱ्यात उभा असतो आणि रात्री दहाला, भांडी आवरून झाल्यावर, कुणाची मिनतवारी न करता वापरता येतो.

शाहूपुरीतल्या एका दुकानात घ्यायला गेले. तीन प्रकार होते. एक निळा, मऊ, हाताने दाबला की खड्डा पडणारा. एक काळा गुळगुळीत, भरीव, वजनाला अगदी हलका. आणि एक पोकळ: आत प्लास्टिकची नळी, वर फोमचं जाड कव्हर, त्याला चौकोन आणि उंचवटे. दुकानदारानं तिसराच पुढं केला. "मॅडम, ह्यो घ्या. प्रो मॉडेल हाय. पळून आल्यावर पायातलं लॅक्टिक ॲसिड सगळं बाहेर काढतोय." खोक्यावर तर चरबी वितळवण्यापर्यंत मजल गेली होती.

दुखण्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडणं आता थांबवायला हवं. पळताना रक्तात जे लॅक्टेट (त्या ॲसिडचंच रक्तातलं रूप) वाढतं ते थांबल्यावर तासाभरात खाली येतं, शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. मंगळवारचं दुखणं रविवारच्या लॅक्टेटचं असूच शकत नाही. रोलरनं चरबीही वितळत नाही. स्नायूंवरच्या आवरणातल्या गाठी फोडतो म्हणतात, तेही दमानं घ्यायला हवं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा इतका चिवट असतो की आपल्या वजनानं त्याची लांबी बदलत नाही. मग बरं का वाटतं? दाबामुळं मज्जासंस्थेची त्या जागेबद्दलची कुरकुर काही वेळ कमी होते आणि ताण जास्त सहन होतो, असं अभ्यासक मांडतात. थोडक्यात, रोलर स्नायूची दुरुस्ती करत नाही, तो स्नायूची तक्रार ऐकू येणं कमी करतो. मला तेवढं चालतं.

घेतला मात्र तिसराच. रंग आवडला होता.

वापरायची पद्धत सांगते, कारण बहुतेक जणी पहिल्या दिवशी ढोपरं खरचटून घेतात आणि रोलर माळ्यावर टाकतात. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आहे, तिच्यावर रोलर सटकतो. सतरंजी घातली तर ती गोळा होत जाते. योगाची मॅट पाहिजेच. पालथं पडायचं, कोपरांवर वजन घ्यायचं, रोलर गुडघ्याच्या वर चार बोटं. तिथून पायाची बोटं आणि कोपरं वापरून अंग पुढं-मागं न्यायचं, कंबरेच्या खुब्यापर्यंत. वेग किती? सेकंदाला जेमतेम इंचभर. हेच जमत नाही. सगळ्यांना घसरगुंडी करायची असते. हळू गेलं की मांडीच्या मधोमध, जरा आतल्या बाजूला, एक जागा लागते जिथं तोंडातून आपोआप "आई गं" निघतं. तिथं थांबायचं, श्वास चालू ठेवायचा. गुडघा हळूच दुमडायचा, सरळ करायचा. अर्ध्या मिनिटात ती जागा बोलायची कमी होते. श्वास रोखला जात असेल, दात खाल्ले जात असतील, तर दाब जास्त झालाय. दुसरा पाय जमिनीला टेकवून वजन कमी करा. दुखवून घेतलं म्हणजे जास्त गुण येतो हा तालमीतल्या पोरांचा समज, तो त्यांच्याकडंच राहू दे. एका स्नायूला मिनिटभर, फार तर दोन.

पोटऱ्यांना बसून, हात मागं टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकला की वजन पुरतं. ढुंगणाच्या स्नायूला रोलरवर बसून एका बाजूला कलायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हे आधी करून बघावं, मला सगळ्यात जास्त फरक इथंच पडला. पाठीला दोन्ही हात छातीवर कवटाळून, खांद्यांच्या पात्यांच्या भागापुरतं. कंबरेला अजिबात नाही. तिथं बरगड्यांचा आधार नसतो, रोलरवर कंबर नुसती मागं वाकते आणि दुखणं वाढतं. गुडघ्याच्या मागच्या खळग्यातही नको, तिथून शिरा आणि नसा जातात.

फरक किती पडतो? 2015 साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आठच पुरुष होते, बैठकांनी मांड्या भरवून घेतल्या, मग लगेच, 24 तासांनी आणि 48 तासांनी वीस-वीस मिनिटं रोलर. मांड्यांची दुखरेपणाची तक्रार कमी झाली. आठ माणसांवरून मी काही ठरवणार नाही. पण 2019 मध्ये 'फ्रंटिअर्स इन फिजिऑलॉजी'त 21 अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात व्यायामानंतर रोलर वापरल्यावर दुखणं सरासरी सहा टक्क्यांनी कमी जाणवलं. सहा टक्के! आमच्या काउंटरवर सहा टक्के व्याज सांगितलं तर ठेवीदार पासबुक उचलून चालू लागतो. माझा अनुभव सहापेक्षा बरा आहे, पण त्यात स्वतःच्या पैशानं आणलेल्या वस्तूचं कौतुकही मिसळलेलं असणार. मंगळवारचा जिना मी अजून कठडा धरूनच उतरते, फक्त आता आडवी होत नाही. रोलर केल्यावरचा मोकळेपणा अर्धा-एक तास टिकतो, तेवढ्यात झोप लागते. झोप लागली की अर्धं काम झालं.

जुलैत आम्ही पन्हाळ्यावरून पावनखिंडीच्या पदभ्रमंतीला गेलो. 1660 च्या जुलैत महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले, ती वाट पावसात चालायची. चिखल, जळवा, निसरडे उतार. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपातल्या झाडून सगळ्या माझ्या हॉलमध्ये. रोलर एक, पाळी लावून एकेक जण पालथी पडतेय, "अगं आई", "मेले गं", मध्येच हसून हसून कोपर सुटतंय. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, बाळंतिणीची खोली हाय व्हय ही?" आमच्यातली एक, शिक्षिका आहे, उठून मांड्या चोळत म्हणाली, "मी बी उद्या एक घेतो." घेतलाही.

त्याच सासूबाईंनी नंतर हळूच रोलर ओढून टीव्हीसमोर पोटरीखाली घेतला होता. मी काढून घेतला. त्यांचं आयुष्य कपिलतीर्थ मार्केटात भाजीच्या गाळ्यावर उभं राहण्यात गेलं, पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या आहेत. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं. फुगलेल्या शिरांवर, हाडं ठिसूळ झालेली असतील तर, नुकता मार लागला असेल तर रोलर नको. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, तर ती चोळत बसू नका. रक्ताची गाठ असू शकते, सरळ दवाखाना गाठा. तसंच कुणी हौसेनं पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारल्या आणि नंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर तेही रोलरचं काम नव्हे, त्याच दिवशी दवाखाना. सासूबाईंचा राग अजून गेलेला नाही. "तुमचं पाय ते पाय, आमचं काय खांब?" हे अधूनमधून ऐकावं लागतं.

आता वस्तूबद्दलच्या तक्रारी. त्या चौकोनांच्या खाचांत केस अडकतात. घरात लांब केसांच्या तीन बायका असल्यावर काय होतं ते बघवत नाही. जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. उंचवटे असल्यामुळं जास्त खोलवर जातो म्हणतात, मला तरी ते हाडाजवळ नुसते टोचतात. पावसाळा संपता संपता फोमचं कव्हर आतल्या नळीवरून सरकायला लागलं. एका टोकाला नळीची प्लास्टिकची कड उघडी पडली, दंडाला ओरखडा आला. दुकानात नेऊन दाखवला तर उत्तर मिळालं, "फोमला गॅरंटी नसतीय मॅडम." बाराशे रुपये घेताना 'प्रो मॉडेल' होतं. मी चिकटपट्टी मारून चालवते आहे. आणखी एक: तेल लावून रोलर करू नका. ग्रुपातल्या एकीला वाटलं मालिश म्हटल्यावर तेल पाहिजेच. ती घसरली आणि रोलरला खोबरेल तेलाचा वास बसला तो गेला नाही.

स्वस्तात भागवायचं असेल तर प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटी तुकडा कापून घ्या आणि वर जुना टॉवेल घट्ट गुंडाळा. चालतो, फक्त फार कडक. तळपायाला तर पोराचा टेनिस बॉलच उत्तम, उभं राहून पायाखाली फिरवायचा. त्यासाठी वेगळं काही विकत घेऊ नका. मसाजची ती बंदूक, म्हणजे स्नायूवर भराभर ठोके देणारं यंत्र, मी एका ओळखीच्यांकडं वापरून बघितली. हात दुखत नाहीत हे खरं, पण किंमत काही हजारांत आणि आवाज घरभर.

आणि रोलर आणला म्हणून बाकीचं सोडू नका. दुसऱ्या दिवशी रंकाळ्याला सावकाश एक चक्कर मारली की पाय जेवढे सुटतात, तेवढे कशानंच सुटत नाहीत. गरम पाण्यानं आंघोळ, पोटभर जेवण, झोप. आणि उताराची सवय. दोन-तीन आठवडे तोच डोंगर उतरलात की तेवढा उतार पायांना तितका जाचत नाही, शरीर स्वतःच शिकून घेतं.

माझा हा मोडला की मी दुसरा काळा भरीव घेणार आहे, दीड फुटी, गुळगुळीत. दुकानात गेलात तर अंगठ्यानं जोरात दाबून बघा: किंचित दबून लगेच वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो महिन्याभरात चपटा होणार. अजिबात दबला नाही तर नव्या माणसानं घेऊ नये. पाठीला वापरायचा असेल तर एक फुटाचा आखूड घेऊ नका, खांदे बाहेर पडतात. तीन फुटी पाठीला छान, पण आमच्यासारख्या घरात तो ठेवायचा कुठं? खोक्यावर पळणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो असला की दोनशे रुपये जास्त लावतात, त्याची घासाघीस करा. आमच्या शिक्षिकेनं केली, तिला काळा भरीव आठशेला मिळाला.