फॉर्मडेटा की जेसन? पान रिलोड न करता फॉर्म पाठवताना

पान रिलोड होऊ नये म्हणून ब्राउझरचा नेहमीचा सबमिट अडवायचा आणि फेचने (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरशी बोलायची सोय) फॉर्म पाठवायचा, इथवर ठरलं की पुढचा प्रश्न येतो: माहिती फॉर्मडेटाने (फॉर्ममधली नावं आणि मूल्यं जशीच्या तशी गोळा करणारा ब्राउझरचा ऑब्जेक्ट) पाठवावी की जेसनने (माहिती मजकूर म्हणून मांडायची एक पद्धत)? मी दोन्ही बराच काळ वापरले आहेत. सुरुवातीला जेसनच. सर्व्हरचं उत्तर जेसनमध्ये येतं, मग पाठवतानाही तेच बरं, असं वाटायचं. त्यात 12 ही संख्याच राहते, एकात एक गुंतलेली माहितीही नीट बसते. फॉर्मडेटात फाइल सोडली तर सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होऊन जातं.

माझं मत फिरलं ते चेकबॉक्समुळे. एका नोंदणी फॉर्मवर ‘कोणते दिवस सोयीचे?’ असं विचारलं होतं. सात चेकबॉक्स, सातांचं नाव एकच. जेसन बनवायला मी ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीज (नाव-मूल्याच्या जोड्यांचा ऑब्जेक्ट करणारं फंक्शन) वापरलं; एका ओळीत काम झालं. पण ऑब्जेक्टमध्ये एका नावाला जागा एकच. सोमवार, बुधवार, शुक्रवार निवडा, पोचणार फक्त शुक्रवार. कन्सोलमध्ये एरर नाही, सर्व्हरचीही काही तक्रार नाही. प्रत्येकाचा एकच दिवस कसा, हे लक्षात येईपर्यंत बऱ्याच जणांची माहिती गेली होती आणि त्यांनाच पुन्हा विचारावं लागलं. ते फार लागलं मला. गेटऑल (एका नावाची सगळी मूल्यं देणारी फॉर्मडेटाची मेथड) वापरून हे सुटतं, मान्य. पण मग कोणतं नाव अनेकदा येतं, हे दर फॉर्मला आपणच लक्षात ठेवायचं. फॉर्मडेटा तिन्ही दिवस आपणहून पाठवतो. (सर्व्हरवर पीएचपी असेल तर चेकबॉक्सच्या नावाला चौकोनी कंस जोडा, नाहीतर तिथेही शेवटचाच उरेल.)

फॉर्मडेटालाही एक खोच आहे. कंटेंट-टाइप हेडर (पाठवलेली माहिती कोणत्या प्रकारची आहे हे सर्व्हरला सांगणारी ओळ) हाताने लिहू नका. ब्राउझर त्यात बाउंड्री, म्हणजे फॉर्मचे भाग वेगळे करणारी खूण, घालतो; आपण हेडर लिहिलं की ती राहून जाते आणि सर्व्हरला फॉर्म वाचताच येत नाही. मी एकदा यात अडकलो, पण ती चूक पहिल्याच चाचणीत दिसली.

फाइल असेल तर जेसनचा विचार मी तरी करणार नाही. जेसनमध्ये फाइल घालायला तिचा मजकूर करावा लागतो, आणि तो बेस64 या पद्धतीने केल्यावर आकार सुमारे 33 टक्के वाढतो. उलट, ओळी वाढत जाणारं बिल किंवा तसंच काही असेल तर जेसन सोयीचा, तिथे मी आजही तोच घेतो.

बाकी साध्या फॉर्मसाठी माझा कल फॉर्मडेटाकडे आहे. स्क्रिप्ट लोड झाली नाही तरी फॉर्म नेहमीच्या मार्गाने जातो आणि सर्व्हरवर माहिती वाचणारा कोड बहुतेक वेळा तोच चालतो. जेसन ठेवला असता तर त्या वेळेसाठी मला वेगळा कोड लिहावा लागला असता.