प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा: आठ महिने वापरल्यानंतर

जिवाणू त्वचेत कसे शिरतात हे पाहायला आधी मी सपाट प्लेटमधल्या केराटिनोसाइट पेशींवर (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) जिवाणू सोडायचो. तिथे पेशी मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, बुडालेल्या असतात, त्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू बघता बघता सगळ्याचा फडशा पाडतो. खऱ्या त्वचेवर त्याला मृत पेशींचा कोरडा थर आडवा येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या या मॉडेलचं सगळं मोल त्या थरातच आहे.

कृती ऐकायला सोपी: कोलॅजनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी), त्यावर केराटिनोसाइट, आणि काही दिवसांनी वरचं मीडियम काढून पेशी हवेवर उघड्या ठेवायच्या. पोषण फक्त खालून. साधारण दोन आठवड्यांत थरावर थर चढतात. माझ्या पहिल्या दोन बॅचमध्ये जेल आकसून कडेपासून सुटलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. 24 तासांत जिवाणू खालच्या मीडियममध्ये! मी खुशीत वहीत 'त्वचा भेदली' असं लिहून मोकळा. काप रंगवून पाहिले तर वरचा थर शाबूत. मंडळी कडेच्या फटीतून खाली उतरली होती. आता थेंब अगदी छोटा आणि बरोबर मधोमध टाकतो, आणि त्याआधी प्रत्येक इन्सर्टचा (त्वचा जिच्यात वाढते त्या सच्छिद्र तळाच्या वाटीचा) विद्युतरोध मोजतो; फट असली तर तो कमी येतो. कंटाळवाणं काम आहे, पण करतो.

अँटिबायोटिकनेही असंच फसवलं. वाढीच्या मीडियममधलं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन जेलमध्ये मुरतं आणि नंतर सोडलेल्या जिवाणूंनाच मारतं. आदल्या दिवशी मीडियम बदलून भागत नाही. काही दिवस आधीपासून, दोन-तीनदा बदलून, ते काढावं लागतं. सोय म्हणून हॅकॅट या तयार मिळणाऱ्या केराटिनोसाइट पेशी वापरायचा मोह होतो. त्या कितीही वाढतात, पण वरचा थर नीट धरत नाहीत. म्हणजे मूळ हेतूच गेला.

मनासारखं जमलं ते ओरखड्याच्या प्रयोगात. अखंड थरावर ऑरियस वरच बसून राहिला, सुईने ओरखडलेल्या शेजारच्या तुकड्यात मात्र आत शिरला. दोन्ही काप एकाच काचपट्टीवर पाहताना आठ महिन्यांचा वैताग थोडा उतरला.

उणीव मोठी आहे. पेशी इंटरल्युकिन-8 हा संकेत-रेणू सोडून मदतीला हाका मारतात, पण रक्तवाहिन्या नाहीत, न्यूट्रोफिल (जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) नाहीत, येणार कोण? त्यामुळे 48 तासांपुढचे निकाल मी फारसे मनावर घेत नाही. गजकर्णाच्या बुरशीला तर त्याहून जास्त दिवस लागतात, आणि तोवर दुसरीच अडचण उभी राहते: इथला मृत थर गळून पडत नाही, नुसता जाड होत जातो. ट्रायकोफायटनला, म्हणजे त्या बुरशीला, आयतंच खाद्य: केराटिन.